शिंगं गळाल्यानंतरचा सीझन

बुधवार, ११ डिसेंबर. संध्या. ५.१०. बाहेर उणे चार.

कॅम्पवर पोचलो. सगळ्यांच्या आधी. नेता असाच पोचतो.

स्टोव्ह दुसऱ्या प्रयत्नात पेटला. (चौथ्या.) लाकडं ओली. गेल्या वर्षी रचली मी होती, पण वरचा पत्रा मेव्हण्याने, ड्वेनने टाकला होता. पेटवायला घरून टपाल आणलं होतं. त्यात ओ क्लेअरच्या कुठल्याशा ऑफिसची दोन जाड पांढरी पाकिटं. जाहिराती असणार. न फोडता टाकली. जाड कागद नीट पेटत नाही, नुसता धुमसतो.

ही वही काउंटीची. बर्फ काढायच्या ट्रकमध्ये ठेवतात ती. तारीख, वेळ, तापमान, मैल. सत्तावीस वर्षं लिहितोय, हाताला तेच वळण आहे. शिकारीची शास्त्रशुद्ध नोंद ठेवायची. खाजगी काही लिहायचं नाही.

उद्यापासून चार दिवस मादीचा सीझन. नोव्हेंबरचा मोठा सीझन यंदा चुकला, घरी काम होतं. (खुर्चीत बसलो होतो. पण कामाचाच विचार चालू होता.)

आता फक्त डोक्यावर शिंगं नसलेलं जनावर मारायची परवानगी. एका टॅगवर एक जनावर. टॅग चार. आईचा एक, मेव्हण्याचा एक, माझे दोन.

योजना: गुरुवारी दुपारपर्यंत चारही टॅग भरणे. शुक्रवारी सोलणे, तोडणे. रविवारी घरी. मग नोरीनला फोन करायचा की एवढं मांस पडलंय, सॉसेज कोण करणार? मसाल्याचं प्रमाण फक्त तिच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. म्हणजे तिला यावंच लागेल.

चौतीस वर्षांच्या संसारात बायको इतके दिवस बाहेर राहिली नव्हती. सप्टेंबरपासून ओ क्लेअरला बहिणीकडे आहे. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. गुडघ्याला वेळ लागतो. शिवाय माणसाला गुडघे दोन असतात.

मला काही विशेष वाटत नाही. घरात शांतता असते.

संध्या. ६.४५.

आई आणि ड्वेन आले. माझ्या बहिणीला नर्सिंग होममध्ये ड्यूटी आहे, म्हणून ड्वेन एकटाच. म्हणजे बोलायला दोघांच्या वाटणीचं तोच. ट्रकमधून तिसरी उतरली ब्रिटा! मॅडिसनहून. दवाखान्यात लोकांचे दात साफ करायचं सोडून चार दिवस रजा घेऊन आलीये. बाराव्या वर्षी हिने शिकार सोडली होती, हरणाचे डोळे बघवत नाहीत म्हणून. विचारलं, आज कशी काय? म्हणाली, "डॅड, तुझ्याबरोबर थोडे दिवस राहावं म्हटलं."

शिकायचंय तिला. सरळ बोलत नाही, पण बापाला कळतं.

आईने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "नॉर्ब, पँट कशाने बांधलीयेस, दोरीने?" बारीक झालोय. शिकारीसाठी मुद्दाम.

गुरुवार, १२ डिसेंबर. पहाटे ५.१५. उणे नऊ.

पिठाच्या पिशवीवर नकाशा काढून सगळ्यांना जागा वाटून दिल्या.

ड्वेन: दलदलीजवळचं मचाण. तिथे हरीण कधी येत नाही, पण कुणीतरी बसायला हवं.
आई: कॅम्पमागे शंभर पावलांवरची, आत बसून नेम धरायची लाकडी पेटी. आत गॅसचा हीटर. ब्याऐंशी वर्षांची आहे. आपणही भाग घेतला असं तिला वाटावं.
मी: ओकच्या चढावरचं मुख्य मचाण. ब्रिटा माझ्यासोबत, निरीक्षक म्हणून.

ड्वेन म्हणाला, "नॉर्ब, तुझ्या या योजनेत हरणांना विचारलंयस ना?" हसलो नाही.

सकाळी ७.०५.

मचाणावर. वारा योग्य. पायाची बोटं जाणवत नाहीत, म्हणजे बूट चांगले बसलेत.

ब्रिटा कुजबुजली, "डॅड, तुला काहीतरी सांगायचंय." ओठांवर बोट ठेवलं. शिकारीचा पहिला नियम. पाच मिनिटांनी पुन्हा, "मॉमबद्दल आहे." पुन्हा बोट. तिसऱ्यांदा तिने नुसतं तोंड उघडलं, तेव्हाच बोट दाखवलं. शिकेल हळूहळू.

७.२२ – एक बार. कॅम्पच्या दिशेने. प्रतिध्वनी असणार. ड्वेनचा नेम चुकला.

दुपारी १२.१०.

ड्वेनने बार टाकलाच नव्हता. आईने टाकला होता. मोठी मादी, एकाच गोळीत, जागच्या जागी. म्हणे ती आली तेव्हा आई मोजा विणत होती. टाका सुटू नये म्हणून आधी ओळ पुरी केली, सुया खाली ठेवल्या, मग रायफल उचलली. "थांबली बिचारी," म्हणाली. "तुझ्यापेक्षा शहाणी होती. घाई नाही, गडबड नाही."

जागा मी निवडली होती, हे नोंदवून ठेवतो.

पोट फाडून आतडी मी काढली. आतल्या उबेने हात गरम झाले. सकाळपासून पहिल्यांदाच आपल्याला दहा बोटं आहेत हे कळलं. मग बर्फात हात धुतले आणि पुन्हा गेली.

चारपैकी एक टॅग. वेळापत्रकात थोडा बदल.

शुक्रवार, १३ डिसेंबर. सकाळी ६.३०. उणे अकरा.

आज हाका. ड्वेन आणि ब्रिटा खालून रान उठवत येणार, मी वर अरुंद वाटेवर उभा. हरणांना दुसरी वाटच नाही. आजोबांच्या वेळेपासूनची पद्धत, त्यात माझ्या दोन सुधारणा.

सकाळी १०.२०.

हरणांनी वाट सोडली. सुधारणांमुळे नाही. सात होती म्हणे. ड्वेन सांगतो की सातही माझ्या मागून, वीस पावलांवरून, एका रांगेत गेली आणि शेवटच्या पिल्लाने थांबून माझ्याकडे बघितलं. ड्वेनने म्हणे मला दोन हाका मारल्या.

मी डोळे मिटून कानांनी टेहळणी करत होतो. थंडीत कान जास्त काम करतात.

ब्रिटा जवळ आली, बाहीने माझ्या मिशीवरचा बर्फ झाडला. विचारलं, "डॅड, घरी झोप लागते का तुला?" लागते, म्हटलं. खुर्चीत. पाठीला बरं असतं. "आणि जेवतोस काय?" म्हटलं, दुकानातले सीलबंद डबे असतात की. "रोज डबे?" रोज नाही. रोज भूक लागत नाही.

तिने ड्वेनकडे बघितलं, ड्वेनने झाडाकडे. काय बघण्यासारखं होतं झाडात, कळलं नाही.

संध्या. ६.००.

आईने मादीचं काळीज कांद्यावर परतलं होतं. सगळे म्हणाले छान झालंय. मला चव लागली नाही. सर्दी असेल.

जेवणानंतर पत्ते. ड्वेन पानं वाटताना सहज बोलून गेला, की नोरीनच्या बहिणीने परवा बोलिंगच्या स्पर्धेत चषक मारला, फोटो पाहिला का?

 ब्रिटाने ड्वेनला टेबलाखालून लाथ मारली असावी, कारण लागली मला. कळलं ते फक्त टेबल हललं म्हणून.

आनंदाची बातमी आहे. अडीच महिन्यांत बोलिंग, म्हणजे गुडघा उत्तम बसला. म्हणजे नोरीन आता कधीही निघू शकते. तसं म्हणालोसुद्धा.  आई म्हणाली, "नॉर्ब, पान टाक. वाट बघतोय आम्ही."

पान टाकलं. चुकीचं होतं. डाव गेला.

शनिवार, १४ डिसेंबर. सकाळी ८.१५. उणे चौदा.

मारली!!

७.५०ला ओकच्या उतारावर एकटीच उभी. काउंटीच्या इतिहासात एवढी मोठी मादी झाली नसेल. माझ्या अंगावर साधा काटाही आला नाही. मुरलेला शिकारी असाच थंड असतो. चाप ओढला, पण बोटाला कळलं नाही, कानाला कळलं. चाळीस पावलं चालली आणि बसली.

सकाळी ९.३०.

मादी नाही.

ड्वेनने डोकं उचलून बघितलं आणि बर्फात बसूनच हसायला लागला. कानांच्या मधे दोन लाल, ओले, डॉलरच्या नाण्याएवढे गोल. शिंगं गळालेला नर. डिसेंबरात गळतात काहींची. कायद्याने चालतं, शिंग नाही म्हणजे मादीच्या टॅगवर बसतो. त्याबद्दल प्रश्न नाही.

पण केवढा नर! मानच माझ्या मांडीएवढी. एक आठवड्यापूर्वी याच्या डोक्यावर काय असेल! आणि आता कोण विश्वास ठेवणार?

आई काठी टेकत आली. वाकून बघितलं. म्हणाली, "म्हातारा आहे. डोक्यावरचं उतरलं की सगळे सारखेच दिसतात बाबा." मग पाठीवरून हात फिरवला. हरणाच्या.

सकाळी ११.००.

खोपटाबाहेर टांगला. म्हटलं, नोरीनला आजच कळवतो, सॉसेजच्या तयारीने ये म्हणून. आई म्हणाली, "त्यासाठी तिला कशाला बोलवायचं? मसाला मीच शिकवला तिला. लग्नाच्या पहिल्या वर्षी. मिरी, लसूण, मोहरी, थोडं जायफळ. नऊ मिनिटांचं काम आहे."

हे मला चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तरी नोरीनच्या हाताला वेगळी चव आहे.

दुपारी १२.३०.

निर्णय घेतला. गळालेली शिंगं शोधून आणायची. रान माझं पाठ आहे. हा नर कुठून कुठे जात असणार ते मला कळतं. तासाभराचं काम. नोरीनपुढे ती शिंगं ठेवायची, बाकी काही बोलायचं नाही.

ब्रिटा म्हणाली, "थांब, मी पण येते." नको म्हटलं. "डॅड, फुटाएवढा बर्फ आहे, तुला शिंगं दिसणार कशी?" अनुभवाने, म्हटलं.

दुपारी १.४०. नाही.

२.२५. नाही. एक सापडलं असं वाटलं, फांदी होती.

३.०० झाल्यासारखे. ओढ्यावरचा बर्फ फुटला. डावा पाय घोट्यापर्यंत. थंडी वाजली नाही. चांगलं लक्षण. थोडा बसतो. बसलं की बरं वाटतं. इथे छान आहे. कुणी बोलत न

संध्या. ६.३०. खोपटात.

वरचं अक्षर माझंच आहे.

ब्रिटाने शोधून काढलं. पावलांचा माग घेत आली, एकटी. झाडाला टेकून बसलो होतो म्हणे, मांडीवर वही. तिने थोबाडीत मारली. बापाला. मग हात धरून उठवलं आणि अख्खी वाट मला शिव्या देत चालवत आणलं. इतक्या शिव्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. ड्वेन अर्ध्या वाटेत भेटला. त्याने काही विनोद केला नाही, नुसता दुसरा हात धरला.

डाव्या पायाची बोटं मेणासारखी पांढरी. आईने टोपात कोमट पाणी केलं. गरम नाही, कोमट. ब्रिटा जमिनीवर बसली, पाय आपल्या हातात धरून पाण्यात ठेवला. मला तिचे हात दिसत होते, जाणवत नव्हते. आई आणि ड्वेन लाकडं आणायला म्हणून बाहेर गेले. लाकडं आत भरपूर होती.

ब्रिटा पायाकडेच बघत बोलली. "डॅड, मावशीचं काही ऑपरेशन झालेलं नाही. मॉमने ऑक्टोबरपासून तिथे भाड्याने जागा घेतलीये. ती परत येणार नाहीये."

मी म्हटलं, "पाणी निवलंय. थोडं घाल."

तिने घातलं. "मी काय म्हटलं ते ऐकलंस का?"

"ऐकलं. कितव्या मजल्यावर आहे?"

"दुसऱ्या."

"लिफ्ट आहे का?"

"डॅड!"

म्हटलं, तिला जिना चढवत नाही म्हणून विचारलं.

मग ब्रिटाने सांगितलं. वकिलाने कागद दोनदा पोस्टाने पाठवले, उत्तर नाही. फोन केला तर मी हवामान सांगतो आणि ठेवून देतो. नोव्हेंबरात कॅम्पवर आलो नाही, तेव्हा आई घाबरली. म्हणून हा सगळा घाट. शिकारीचा. मला एकट्याला सोडायचं नाही आणि कागद हातात द्यायचे, असं ठरवून आले होते तिघं. गुरुवारपासून ती सांगायला बघत होती.

"आणि तू बोट दाखवत होतास," म्हणाली.

विचारलं, काही केलं का मी तिला?

ब्रिटाने माझा पाय पाण्यात सरळ केला. मग म्हणाली, "मॉम म्हणते, काहीच केलं नाही. ती जेवायच्या टेबलावर बोलायची आणि तू खिडकीबाहेर किती बर्फ पडला ते बघायचास. कितीतरी वर्षं."

माझं कामच आहे ते. बर्फ बघणं.

मग पाय जाणवायला लागला. आधी मुंग्या, मग सुया, मग कुणी हातोडीने ठोकतंय असा. ओरडलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना. रक्त परत येताना होतं तसं. काउंटीच्या सुरक्षा पुस्तिकेत दिलंय.

ब्रिटाही रडत होती. तिचे पाय तर कोरडे होते.

रविवार, १५ डिसेंबर. सकाळी ७.४०. उणे सहा.

कागद वाचले. एकूण चार पानं. एके ठिकाणी लिहिलंय की संसार सावरण्यापलीकडे गेला आहे. हे कुणी ठरवलं, विचारलं. ब्रिटा म्हणाली, "ते सगळ्यांचं छापीलच असतं, डॅड."

मग ठीक.

दोन टॅग शिल्लक. कुणी रानात गेलं नाही. ड्वेनने सगळ्यांसाठी अंडी केली आणि मी दुसऱ्यांदा घेईपर्यंत टेबलाशी उभा राहिला. वर एक शब्द नाही. ड्वेनला बोलता येतं तसं गप्पही राहता येतं. वीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सकाळी ११.१५. गळ आणि आमिषांचं दुकान.

सही नोटरीसमोर लागते. या बाजूला नोटरी म्हणजे गर्ट. मासे धरायचं आमिष विकते, शिक्काही तिच्याकडेच. ब्रिटा म्हणाली, घाई नाही, सोमवारी गावात करू. मी म्हटलं, सोमवारी माझी ड्यूटी आहे.

गर्ट टाकीतून कुणासाठी तरी छोटे मासे काढत होती. हात पुसले, नीट पुसले नाहीत. म्हणाली, "ओळखपत्र दाखव, नॉर्ब." बावन्न वर्षं ओळखते, एका वर्गात होतो. शिकारीचा परवाना काढून दिला. "हा नाही रे. गाडीचा." तो दिला. तिने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो. "काही मिळालं का यंदा?" सांगितलं, एक मिळालं. कागदावर नजर गेली तेव्हा तिने पुढचं विचारलं नाही.

चार ठिकाणी सही.  शिक्का मारताना तिच्या मनगटावरून नोरीनच्या नावाशेजारी पाण्याचा थेंब पडला. म्हणाली, "माशाचं पाणी आहे. वाळेल."

थांबलो वाळेपर्यंत. सगळेच थांबले.

ब्रिटा ड्वेनचा ट्रक घेऊन ओ क्लेअरला गेली. कागद पुढच्या सीटवर, मागे बर्फाच्या पेटीत आईच्या हरणाचा मागचा पाय. तो मीच ठेवायला सांगितला. ब्रिटाने विचारलं, काही निरोप सांगू का? विचार केला. म्हटलं, उत्तरेकडच्या रस्त्याने जाऊ नको, तिकडे घसरडं आहे. ती बघत राहिली. मग म्हटलं, आणि तिला सांग, ऐकलं मी.

बरोबर वाक्य होतं का माहीत नाही. गाडी गेली होती.

संध्या. ५.४०. घर. उणे तीन.

आई माझ्याबरोबर आली. म्हणाली, तिचं घर गरम ठेवणारी भट्टी रात्रभर खडखडते, झोप होत नाही, दोन दिवस इथे राहते. म्हटलं राहा. या वयात एकटीला जड जातं. मी बघेन तिच्याकडे.

तिचं सामान मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. बॅग जड होती, कडीला अडकून उघडली. आत घरात घालायच्या सपाता. चर्चला जायचा इस्त्रीचा ड्रेस. गोळ्यांच्या डब्या, मार्चअखेरपर्यंतच्या, प्रत्येकीवर महिन्याचं नाव. तिची स्वतःची उशी. आणि सगळ्यात खाली माझ्या मापाचा पट्टा, दुकानाची चिठ्ठी अजून लावलेली.

बुधवारी निघतानाच भरली असणार.

बॅग लावून टाकली. 

वर लिहिलंय की मी तिच्याकडे बघेन. ते वाचलं. खोडलं.

स्वयंपाकघरातून हाक आली. "नॉर्ब, ते लिहिणं पुरे. सूप गार होतंय." दोन वाडगे मांडलेत. खिडकीकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवून ठेवलीये तिने माझी.

बाहेर बर्फ पडायला लागलाय. किती, बघितलं नाही.